बिनतळाची पेटी

झाकलेलं काही दिसलं की बेनेरीचा हात झाकणाकडे गेलाच म्हणून समजा. मडकं असो, टोपली असो, नाहीतर शेजारणीच्या मनातली गोष्ट असो, उघडून बघितल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. तिची आई कपाळाला हात लावायची. "या पोरीचे डोळे हिच्या पायांच्या आधी घरी पोचतात," म्हणायची.

आई चटया विणायची. नदीकाठचं लव्हाळं कापायचं, वाळवायचं, खुंट्यांना ताणून दिवसभर त्यावर वाकायचं. गावातलं माणूस त्या चटईवर जन्मायचं, तिच्यावर जेवायचं, भांडायचं, झोपायचं, आणि मेलं की चटईतच गुंडाळून काळ्या शेतांपलीकडच्या लाल वाळूत कुशीवर निजायचं, गुडघे पोटाशी घेऊन. सोबत दोन मडकी, खपली गव्हाची भाकरी आणि डोळ्यांत घालायला हिरवं अंजन. चटया विणणाऱ्या प्रत्येक घराची काठाची गाठ वेगळी. बेनेरीच्या घरची तिहेरी, दोन उजवीकडे आणि एक उलटी. ही गाठ महत्त्वाची, कारण रीतच तशी होती. वाऱ्याने किंवा कोल्ह्याने मेलेल्याला उघडं पाडलं, तर ज्या घरची चटई त्या घरच्या बाईने जाऊन त्याला पुन्हा झाकायचं. आणखी एक रीत होती. स्वतःसाठीची चटई स्वतः विणायची नाही. आईची लेकीने विणायची, लेकीची तिच्या लेकीने.

नदीला वर्षाला एकच पूर. बेनेरी सात पुरांची होती तेव्हा असाच झाकायचा निरोप आला. आई निघाली, आणि ही अर्थात मागोमाग. टेकाडाखाली वारा वाळू उडवून गेला होता आणि एक म्हातारा उघडा पडला होता. आईचा बाप. त्याला जाऊन वीस पूर झाले होते, बेनेरीने त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं. पण तो तिथे होता. केस होते, नखं होती, कातडी वाळून तपकिरी झाली होती, आणि एक भुवई दुसरीपेक्षा वर चढलेली होती.

"आई, याची भुवई तर तुझ्यासारखीच आहे!"

"माझी त्याच्यासारखी आहे," आई म्हणाली आणि डोळे पुसून हसली.

"पण हा अजून असा कसा?"

"असाच लागतो. फिरून आलेला माणूस आपलं दार ओळखून आत शिरतो ना? तसा मेलेला आपला चेहरा ओळखतो आणि आत शिरतो. चेहराच राहिला नाही तर बिचारा दारोदार."

"मग चेहरा राखतं कोण?"

"कोण म्हणजे? आपली चटई!" आई तोऱ्यात म्हणाली.

बेनेरीने ते मान्य केलं. निदान पुढची चाळीस वर्षं.

दरम्यान ती मोठी झाली, आईचं विणकाम तिच्या हाती आलं, तिने खेन्तूशी घर मांडलं. खेन्तू जाळी टाकून मासे आणि बदकं धरायचा. होडीच्या वल्ह्यावर आपटून त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता, आणि कान एवढे मोठे की वाऱ्याच्या दिवशी होडीला शीड लागत नाही, असं बेनेरी चारचौघांत सांगायची. खेन्तू ते ऐकून खूश व्हायचा. दोघांचं भांडण रोजचं आणि माया त्याहून जास्त. त्यांना लेक झाली नाही. झाला तो मेरका. त्याला ना जाळ्याची आवड ना लव्हाळ्याची. तो लाकूड हुंगत फिरायचा.

आणि लाकडाचे दिवस यायलाच आले होते.

गावचा म्होरक्या सेनी मेला तेव्हा त्याची बायको तेपी हिने वरच्या गावाहून, जिथे राजाच्या माणसांना मातीच्या विटांच्या खोल्यांत पुरतात त्या गावाहून, एक पेटी मागवली. उंबराच्या फळ्या, कोपऱ्यांना भोकं पाडून चामड्याच्या वादीने बांधलेल्या. सेनीला गुडघे मुडपून आत निजवलं, वर झाकण घातलं, आणि मग वाळू लोटली. "बघा," तेपी म्हणाली, "माझ्या माणसाच्या तोंडावर वाळूचा कण पडला नाही."

सगळ्या बायका हळहळल्या. आपापली माणसं आठवली, त्यांच्या तोंडावर स्वतःच्या हाताने लोटलेली वाळू आठवली. खरं सांगायचं तर बेनेरीलाही पेटी आवडली. तिने ती आतून बाहेरून तीनदा बघितली, भोकात बोट घालून बघितलं.

मेरका त्या पेटीपासून हलेना. पुढच्या पुरानंतर तो वरच्या गावी गेला आणि चार वर्षांनी लाकूड तासायचा तांब्याचा वाकस घेऊन परतला. मग काय, बाभूळ, झाऊ, उंबर, जे मिळेल ते तासून पेट्या. आधी मोठ्या घरांनी घेतल्या, मग मधल्यांनी. बघता बघता अशी वेळ आली की ज्याच्या घरी दोन बकऱ्या, तोही म्हणू लागला, आमचा म्हातारा काय गवतात जाणार? बेनेरीची चटई पेटीच्या तळाशी अंथरायला उरली, आणि पुढे तीही कुणी मागेना. ती बसायच्या चटया विणत राहिली. पोराचं नाव होत होतं, त्यामुळे तिची फार तक्रार नव्हती.

मग सेनीचा भाऊ मेला. त्याच्यासाठी सेनीशेजारी खड्डा खणताना कुदळ चुकली आणि सेनीच्या पेटीची फळी फुटली. पेटीत तळाला बेनेरीच्या घरची चटई होती, म्हणून रीतीप्रमाणे झाकायला बोलावणं आलं ते तिलाच. ती खड्ड्यात उतरली. फळी बाजूला केली.

सेनी नव्हता. हाडं होती, ओला काळा गाळ होता, आणि जबड्याचं हाड एका कोपऱ्यात घरंगळलं होतं. तिची चटईही सडली होती. वर तेपीने वाकून पाहिलं आणि अशी किंचाळली की नदीवरचे बगळे उठले. "हिची नजर लागली!" ती बेनेरीकडे बोट दाखवून म्हणाली. "पेटी आली त्या दिवसापासून हिचं पोट दुखतंय!"

बेनेरीला राग यायला हवा होता. पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. ज्याला चटईशिवाय काहीच मिळालं नाही तो आजोबा वीस पुरांनंतर भुवई चढवून बसलाय, आणि ज्याला सगळं मिळालं तो दहा पुरांत गाळ? आणि तेही चटईसकट?

घरी येऊन तिने खेन्तूकडे तीन बदकं मागितली.

"जेवायला कोण येतंय?" खेन्तू हरखून म्हणाला.

"कुणी नाही. पुरायची आहेत."

"पुरायची? तीन बदकं? अगं, माझ्या पोटात पुर ना! तिथेही अंधारच आहे."

मेरकाकडे तिने वीतभर उंचीची पेटी मागितली. त्यानेही विचारलं, कशाला. बदकासाठी, ती म्हणाली. मेरकाने वाकस खाली ठेवला. "बदक मेलंय की म्होरक्या झालंय?" पण आईचा स्वभाव त्याला ठाऊक होता, त्याने पेटी करून दिली. एक बदक पेटीत, एक चटईत, एक तसंच उघडं. तिन्ही तिने टेकाडाखाली हारीने पुरली आणि वर खुणेचे दगड ठेवले. मग वर्षभर वाट बघितली. बेनेरीने वर्षभर काही न उघडता काढलं, यातच सगळं आलं.

पूर येऊन ओसरला. तिने तिन्ही उकरली. पेटीतल्या बदकाचं पिठलं झालं होतं. चटईतलं वाळून खडखडीत, पंखांसकट, फक्त चटईची घडी जिथे जाड होती तिथे थोडं खराब. आणि नुसत्या वाळूतलं? त्याच्या चोचीवरचा डागसुद्धा जसाच्या तसा होता.

ती तिथेच वाळूत बसली. आईचं बोलणं खोटं निघालं होतं. पेटी नाही, चटईही नाही. ज्या वाळूला सगळे घाबरतात, जी तोंडावर पडू नये म्हणून गाव धडपडतंय, तीच सगळं राखत होती. तापलेली, कोरडी, फुकटची वाळू.

तिने तिन्ही बदकं सुपात घालून विहिरीवर नेली आणि बायकांना दाखवली. लपवणं तिच्या रक्तातच नव्हतं, म्हणून तिने चटईचंही सांगितलं. "पेटीने नासतं. आणि खरं म्हणाल तर आमच्या चटईनेही राहत नाही. वाळूने राहतं."

ते शेवटचं कुणी मनावर घेतलंच नाही. तेपी म्हणाली, "स्वतःची बिअर आंबली की बाई दुसरीच्या मडक्यात थुंकते." सगळ्या खो खो हसल्या. मेलेलं बदक घेऊन फिरणारी म्हणून पुढे पोरंसोरंही तिला बघून पंख हलवू लागली. मेरकाच्या कानावर गेलं तेव्हा तो दोन दिवस आईशी बोलला नाही. सख्खी आईच पोराच्या धंद्यावर उठली, असं लोक म्हणत होते, आणि लोकांचं तोंड कोण धरणार?

त्या हिवाळ्यात खेन्तूला खोकला लागला. खोकला गेला नाही, उलट त्याने खेन्तूलाच न्यायला काढलं. एका दुपारी तो भिंतीला टेकून बसला होता, बेनेरी त्याला कांद्याचं पाणी पाजत होती. तो म्हणाला, "मला पेटी हवी. मेरकाच्या हातची."

बेनेरीचा हात थांबला. "तू बदकं बघितलीस ना?"

"बघितली. खाल्ली मात्र नाही." तो हसला आणि खोकला. "जन्मभर गवताच्या होडीत बसलो, गवताच्या चटईवर झोपलो. एकदा तरी लाकडात निजू दे की. आणि पोराने केलेली. लोक म्हणतील, खेन्तू कोळ्याचा पोरगा बघा."

"लाकडात तुझे कान राहायचे नाहीत."

"राहिले काय, गेले काय. तू तर रोज त्यांना नावं ठेवतेस."

"म्हणूनच राहायला हवेत!" ती ओरडली, आणि मग रडली. पण मरत्या माणसाला नाही म्हणवत नाही. तिने शब्द दिला.

खेन्तू तीन दिवसांनी गेला. बेनेरी तशीच उठून मेरकाच्या अंगणात गेली. तो फळ्या तासत होता, डोळे सुजलेले होते.

"मेरका, पेटी कर. चांगली कर. फक्त तळ लावू नकोस. वाळू त्याच्या अंगाला लागू दे."

"आई, पुन्हा बदकं?"

"बदकं नाही. तुझा बाप आहे. मला तो अख्खा हवाय. मी गेले की त्याने दारात उभं राहून मला ओळखावं, असं वाटतं मला."

मेरका उभा राहिला. "बिनतळाची पेटी म्हणजे पेटी असते का? गावातल्या कुत्र्याला चांगली पेटी केली मेरकाने, आणि बापाला फळ्या मिळाल्या नाहीत, हे ऐकायचंय मला? बाबांनी काय मागितलं? पेटी. तू शब्द दिलास की नाही?"

"दिला."

"मग झालं!" त्याने वाकस भिंतीवर फेकला. बेनेरी परत फिरली. शब्द तिनेच दिला होता, मग बोलणार कुणाला?

सकाळी सगळा गाव टेकाडाखाली जमला. पेटी खड्ड्यात उतरवून ठेवली होती. झाऊच्या गुळगुळीत फळ्या, कोपऱ्याला नवीन वादी. अशी देखणी पेटी गावात कुणाला मिळाली नव्हती. बेनेरी खेन्तूची चटई घेऊन काठाशी आली. ती चटई तिने लग्नाच्या वर्षीच विणून ठेवली होती. आत बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण स्वभावाला औषध नाही. तिने बघितलं.

चार भिंतींच्या आत खाली लाल वाळू होती.

तिने मेरकाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. लोकांकडे वळून तो मोठ्याने म्हणाला, "तळाला फळ्या कमी पडल्या. यंदा झाऊ मिळेना."

"बापाच्याच वेळी बऱ्या कमी पडल्या!" तेपी मागून म्हणाली. कुणीतरी हसलं. मेरकाने मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. गावातल्या सगळ्यात नावाजलेल्या पेटीवाल्याने ते निमूट ऐकून घेतलं.

खेन्तूला चटईत कुशीवर निजवून आत ठेवलं. बेनेरी खड्ड्यात उतरली. चटईची घडी तिने तोंडावरून, हातापायांवरून सैल केली आणि ओंजळीने वाळू घालायला लागली. पायांवर, पाठीमागे, मानेखाली, कानांभोवती.

"अगं, हे काय करतेस? पेटीत वाळू?" वरून बायका ओरडल्या.

"त्याला थंडी वाजते," बेनेरी म्हणाली. "आजारी पडल्यापासून ऊब लागायची त्याला."

मेरका तिच्या शेजारी उतरला आणि तोही ओंजळी ओतू लागला. पेटी काठोकाठ भरली तेव्हा वर झाकण बसवलं. वरून ती चारचौघांसारखीच पेटी दिसत होती.

परतताना शेतांच्या बांधावर बेनेरीने विचारलं, "मन कधी फिरलं तुझं?"

"वाकस फेकल्यावर." "तू विहिरीवर म्हणाली होतीस, चटईनेही राहत नाही. जिच्या चटया कुणी घेत नाही ती बाई स्वतःच्याच चटईला नावं कशाला ठेवेल? खोटं बोलायचं असतं तर तिथे बोलली असतीस. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"मला त्या बदकांच्या वेळी वाटलं, तू माझ्या पोटचा नाहीसच," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून चालू लागली.

पुढे अकरा पूर आले आणि गेले. गावाने बेनेरीचं ऐकलं म्हणता? छे. पेटीत चेहरा राहत नाही हे हळूहळू सगळ्यांना कळलं, पण पेटी सोडायची छाती कुणाला होईना. मग वरच्या गावाहून नवीनच टूम आली. जवसाच्या कापडाच्या पट्ट्या करायच्या, डिंकात भिजवायच्या, एकेक बोट वेगळं गुंडाळायचं, आणि चेहऱ्याच्या पट्टीवर भुवया रंगवायच्या. दुखणं पेटीचं आणि पट्टी माणसाला! पेट्या लांब झाल्या, माणसं पाय पसरून निजू लागली. बेनेरीला हे सगळं बघायचं होतं, खोदून खोदून विचारायचं होतं, पण तिच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता. आता तिला उजेड कळायचा आणि माणसांच्या सावल्या. ज्या बाईने जन्मभर झाकणं उचलली, तिच्या डोळ्यांवरच झाकण आलं.

आणि मग एका वाऱ्याच्या महिन्यानंतर निरोप आला. टेकाडाखाली एक पेटी फुटलीय, आत चटई दिसतेय, काठाला तुमची गाठ आहे.

तिच्या चटईच्या पेट्या आता थोड्याच उरल्या होत्या. मेरका तिला हाताला धरून घेऊन गेला. त्याचे स्वतःचे केस आता पिकले होते. झाकणाची अर्धी फळी गेली होती, वाळू खाली बसली होती. मेरका काठावरच थांबला.

"बाबांची आहे," तो म्हणाला. "आई, मी नाही बघणार. नसले तर?"

"नसले तर नसले. मला खाली उतरव."

ती गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी वाळू बाजूला करू लागली. एवढं भय तिला आयुष्यात वाटलं नव्हतं. चटईचा काठ लागला, तिची गाठ लागली. मग बोटांना काहीतरी कडक, वळलेलं लागलं. मोठं. तिने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, वरपासून पाळीपर्यंत.

"कान आहे," ती म्हणाली. "मेरका, कान आहे रे! हा आपला खेन्तूच आहे! चेहरा मला दिसत नाही. तू बघ. बघून मला सांग."

मेरका उतरला. फुंकर मारून तो चेहऱ्यावरची वाळू उडवत राहिला.

"दात तुटलेला आहे," तो शेवटी म्हणाला. "गालावर सुरकुत्या आहेत. हसायच्या आधी पडायच्या ना, त्याच." आणि मग तो लहान पोरासारखा रडायला लागला. बेनेरी हसत होती आणि रडतही होती, आणि एका हाताने तो कान धरून बसली होती. इतकी सुखी ती खूप दिवसांत झाली नव्हती.

त्यांनी त्याला पुन्हा झाकलं. वाळू भरली, मेरकाने नवी फळी बसवली. परत निघताना तो म्हणाला, "आई, तुझी चटई कोण विणणार?"

"कोण विणणार? लेक नाही मला. आणि गावात आता विणतंय कोण? मला नुसती वाळूच पुरे. राखते तीच, हे मीच सांगितलंय ना सगळ्यांना."

मेरका चालता चालता थांबला. "राखत असेल. पण आपल्या माणसाला नुसत्या वाळूत कुणी टाकतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नदीवरून लव्हाळ्याचा भारा घेऊन आला. लव्हाळं वाळायला ठेवलं, वाळल्यावर अंगणात खुंट्या ठोकल्या, ताणा लावला. पेटीवाला मेरका बायकांचं काम करतोय हे बघायला कुंपणाशी गर्दी झाली. तेपी काठी टेकत आली आणि म्हणाली, "यंदा झाऊ मिळेना वाटतं?" मेरकाने मान वर केली नाही. त्याच्या जाड बोटांना वाकसाची सवय, लव्हाळं त्यातून सारखं निसटत होतं. बेनेरी शेजारी बसून काठावरून बोट फिरवत होती.

"ही उलटी घातलीस?"

"घातली."

"नाही घातलीस. दोन उजवीकडे झाल्या की तिसरी उलटी. इथे तीनही उजवीकडेच आहेत."

"एवढ्याने काय होतंय, आई?"

"मग मला ओळखायचं कसं कुणी? उसव सगळी." तिने त्याचा हात शोधून त्यावर आपला हात ठेवला. "सावकाश कर. मला काही घाई नाही."